क्षमा आणि ऋण



क्षमेविषयी बोलावयाचे तर आपल्या बीड जिल्ह्यातून फार दूर जावे लागत नाही. उत्तरेस गोदावरी, आणि तिच्या पलीकडच्या काठी पैठण. तेथे अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता नाथमहाराज तितक्याच वेळा स्नानाला गेले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वारकरी घरात वाढलेल्या आम्हांलाही ती पाठ होती; पण खरे सांगावयाचे तर ती कधी आमच्या अंगी लागली नाही. नाथ ते नाथ, आम्ही आम्ही, असे म्हणून आम्ही मोकळे होत असू. ही पळवाट बंद केली ती मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका गोष्टीने.

भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे ना, असे पेत्र विचारतो. येशू त्याला सत्तर वेळा सात सांगतो, आणि पुढे गोष्ट सांगतो ती देण्याघेण्याची. एका राजाचे त्याच्या दासाकडे दहा हजार तालांत येणे असते. दास पाया पडतो, राजा सारे सोडून देतो. तोच दास बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. तेव्हा दासाला सुटले ते सहा कोटी दिवसांचे ऋण. त्याला सोडावयाचे होते ते शंभर दिवसांचे. येशूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप यांना एकच शब्द आहे. म्हणूनच मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही मागणे आहे ते ऋण सोडण्याचे.

ऋण म्हटल्याबरोबर आम्हांला आमचा बांध आठवला. आमच्या चुलत्याने दरसाल थोडा थोडा बांध कोरून दोन तास जमीन आपल्याकडे ओढली. कज्जा झाला, दोन घरांचे बोलणे तुटले. त्याच्याकडे आमचे काय निघते हे आम्हांला तोंडपाठ होते. गोष्ट वाचल्यावर प्रथमच आम्ही वहीचे दुसरे पान उघडले. 1972 च्या दुष्काळात घरातली कणगी रिकामी झाली, तेव्हा याच चुलत्याने आपली ज्वारी आमच्यात वाटून खाल्ली होती. ते देणे आम्ही कधी मांडलेच नव्हते.

आम्ही त्याच्या दारी गेलो. त्याने क्षमा मागितली नाही, आम्हीही तो शब्द उच्चारला नाही. त्याने आत पाहून चहा टाकावयास सांगितले, इतकेच. आम्ही आमच्या हिश्श्याची जमीन सोडली. धाकट्या भावाचा हिस्सा मात्र आम्हांला सोडता येईना, कारण तो आमचा नव्हता. त्याची रीतसर मोजणी झाली. उदार व्हावयाचे ते आपल्या खात्यातून, हे तेव्हा कळले.

क्षमा म्हणजे विसरणे, असेही पुष्कळांना वाटते. शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, आणि 1900 साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. पुढे 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. तीत टिळकांचा संताप आहे, लहर आहे, स्वतः भोगलेले हाल आहेत. कडवटपणा तेवढा नाही. विसरणे हीच क्षमा असती, तर ते पुस्तक लिहिलेच गेले नसते.

आता एक शंका, आणि ती रास्त आहे. वैशाखाच्या या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या आहेत. नवराबायकोचा एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. आणि ती न फिटली तर पुढच्या सालावर चढणारी बाकी. अशा माणसाला आम्ही क्षमेचा उपदेश करावा काय? मुळीच नाही. त्याच्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा आमच्या खात्यात नाही. ती देण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. गोष्टीचा शेवट पाहा. सोबत्याचा गळा धरलेला पाहून इतर दास गप्प बसत नाहीत, ते राजाकडे जाऊन झाले ते सांगतात. येशू त्यांना दोष देत नाही. आपले येणे सोडावे आणि दुसऱ्याचे बुडत असेल तर बोलावे, या दोन्ही गोष्टी त्या एकाच कथेत आहेत.

आपण सारेच बांधकरी आहोत. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या वहीचे दुसरे पान एकदा उघडून पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.