एका काउंटीतील दोन शाळा



शाळांची तुलना हा विषय खरे तर एखाद्या शिक्षणतज्ज्ञाला द्यायचा. माझा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. पण तुलना हे आमच्या धंद्यातले रोजचे हत्यार आहे. शेजारच्या गिरणीत काय देतात, आमच्या गिरणीत काय देतात, हे मांडल्याखेरीज एकही मागणीपत्र तयार होत नाही. म्हणून मी अमेरिकेतल्या एका लहानशा ग्रामीण मुलखाची हकीकत निवडली आहे. तिथे शाळांच्या तुलनेतून संप झाला, आणि संपावर टाळेबंदीही आली.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग समजा. १९५० साली वस्ती सुमारे १५,०००, पीक तंबाखूचे, मुख्य गाव फार्मव्हिल. गावात दोन सरकारी हायस्कुले होती, एक गोऱ्या मुलांचे आणि दुसरे काळ्या मुलांचे. हे दुसरे म्हणजे मोटन हायस्कूल. १९३९ साली ते १८० मुलांसाठी बांधले होते. १९५१ पर्यंत त्यात साडेचारशेवर मुले कोंबली गेली. जागा पुरेना तेव्हा मंडळाने आवारात लाकडी खोल्या ठोकल्या आणि त्यांना बाहेरून डांबरी कागद लावला. पाऊस आला की गळती, थंडी आली की शेगडी. शेगडीजवळचे पोर घामाघूम आणि खिडकीजवळचे अंगात कोट घालून बसलेले! गोऱ्यांच्या शाळेत व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते. इथे दोन्ही नाहीत. पदार्थविज्ञान, जगाचा इतिहास, लॅटिन हे विषय तिकडे शिकवीत, मोटनमध्ये शिकवीत नसत. पालकांनी मंडळाकडे खेपा घातल्या. जमीन मिळाली की बांधू, असे उत्तर मिळे. हे उत्तर कोणत्या खात्यात शिकवतात कोण जाणे, पण ते जगभर एकच आहे.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने संप घडवून आणला. त्या संपाची बांधणी मी कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. मोजक्या विश्वासू मुलांची समिती आधी झाली. बोभाटा कुठेही नाही. त्या दिवशी मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर काढले, कारण ते मुलांच्या बाजूचे असले तरी नोकरीतले गृहस्थ. मग त्यांच्या नावाने वर्गावर्गांत चिठ्ठ्या गेल्या आणि सारी शाळा सभागृहात जमली. पडदा सरकला तो व्यासपीठावर बार्बरा उभी. शिक्षकांना तिने बाहेर जाण्याची विनंती केली. शिक्षकांवर बालंट येऊ नये याची ती काळजी! तरीही मुख्याध्यापकांची नोकरी पुढे गेलीच.

मुलांची मागणी काय होती? नवी इमारत. पण नॅशनल असोसिएशन या संस्थेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले ते वेगळीच अट घेऊन. चांगल्या वेगळ्या शाळेसाठी आम्ही भांडणार नाही; वेगळेपणाच मोडा म्हणत असाल तर वकीलपत्र घेतो. मुलांनी आणि पालकांनी ते मान्य केले. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. खोल्या, बाके, बस मोजून केलेली तुलना समोरचा कधी ना कधी भरून काढतो. आपल्या मागणीपत्राच्या शेवटी फक्त वस्तूंची यादी असेल, तर वस्तू मिळाल्या की मागणी मेली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे आधीच उमगले होते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा सुधारत बसण्याऐवजी त्या बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला.

प्रिन्स एडवर्डमध्ये नेमके तसेच झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. १९५२ साली खालच्या कोर्टाने सोयी असमान आहेत हे मान्य केले, त्या समान करा म्हणून सांगितले, आणि वेगळेपणा मात्र कायम ठेवला. १९५३ साली काळ्या मुलांना नवे कोरे हायस्कूल मिळाले. आता तुलनेचा तक्ता जवळजवळ जुळला होता! तरी दावा मागे घेतला नाही. तो इतर चार दाव्यांबरोबर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १७ मे १९५४ रोजी निकाल लागला की, सरकारी शाळांत वर्णावरून वेगळेपणा ठेवणे घटनेविरुद्ध आहे.

मग मालकांनी काय केले? मालक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कोर्टाने पुढे एकत्र शाळा चालवण्याचा आग्रह धरला तेव्हा, १९५९ साली, काउंटीच्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या फीला सरकारी अनुदानाचा व करसवलतीचा टेकू मिळाला. ज्या गोऱ्या गरिबांना तीही परवडेना, त्यांची काही पोरे घरी बसली. त्यांचा विचार त्यांच्याच जातभाईंनी केला नाही. सतराशेच्या आसपास काळी मुले शाळेबाहेर पडली. कुणी नातलगांकडे परगावी गेले, काहींना क्वेकर मंडळींनी दूरच्या राज्यांत घरे मिळवून दिली, काही चर्चच्या तळघरांत जमत. पुष्कळजण सरळ शेतावर कामाला लागले. ही टाळेबंदी पाच वर्षे चालली. १९६३ साली देणग्यांतून तात्पुरत्या मोफत शाळा निघाल्या तेव्हा कित्येक थोराड मुलांना अक्षरापासून सुरुवात करावी लागली.

२५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला सरकारी शाळा उघडणे भाग पाडले. उघडल्या त्या शाळांत गोरी मुले बोटांवर मोजण्याइतकीच आली.

आमच्याकडे बेकायदा टाळेबंदी ठरली तर मागचा पगार मागता येतो. मागची शाळा कशी मागायची? व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००३ साली खेद व्यक्त केला आणि २००४ साली, ज्यांची शाळा त्या काळात बंद पडली त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या काढल्या. १९५९ साली जे पोर पहिलीत जायला निघाले होते, त्याचे वय तेव्हा एक्कावन्नच्या घरात गेले होते. त्यांतल्या काहींनी अर्ज केले आणि ते वर्गात जाऊन बसले.