नळ सरकारचा, पाणी गावाचे

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



गणपती जवळ आले आहेत. वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन आपली मुले घरोघरी फिरू लागली आहेत. अशा वेळी सचिवांनी मला सांगितले, "तुम्ही पाणीवाले, पाण्यावरच बोला." मी डिप्लोमा झालेला साधा उपयंत्री. गावोगावच्या नळ-जल योजनांच्या टाक्या आणि पाइप मोजण्यात नोकरीची वर्षे गेली. तेव्हा भाषण कमी आणि हिशेब जास्त होईल, सांभाळून घ्यावे.

पहिला हिशेब पैशाचा. गावात टाकी उभी राहिली की लोक म्हणतात, सरकारने फुकट दिली. फुकट काही नसते. १५ ऑगस्ट २०१९ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. आपल्या मध्य प्रदेशात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य अर्धा-अर्धा उचलतात. हा पैसा शेवटी तुमच्या-माझ्या करातूनच येतो.

शिवाय अशा कामांसाठी राज्ये कर्जही काढतात. १९९५-९६ पासून नाबार्डकडे ग्रामीण पायाभूत सुविधांचा एक निधी आहे. ज्या बँका शेतीसारख्या अग्रक्रमाच्या क्षेत्रांना ठरल्याइतके कर्ज देत नाहीत, त्यांना कमी पडलेल्या रकमेतून या निधीत पैसे ठेवावे लागतात. त्यातून राज्यांना रस्ते, सिंचन, पिण्याचे पाणी यांसाठी कर्ज मिळते आणि राज्य ते सात वर्षांत फेडते. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात २००३ साली सुरू झालेला जलस्वराज्य प्रकल्पही जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला. गावाच्या वहीत ते अनुदान, राज्याच्या वहीत ते कर्ज. टाकी कोरडी पडली म्हणून हप्ता थांबत नाही.

दुसरा हिशेब वर्गणीचा. २००२ साली स्वजलधारा योजना आली, तेव्हापासून खर्चाचा दहावा हिस्सा गावाने द्यावा असा नियम रुजला. जल जीवन मिशनमध्येही गावातल्या कामाच्या खर्चाचा दहा टक्के वाटा लोकांचा आहे. जिथे अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त आहे, तिथे पाच टक्के. रोख जमत नसेल तर श्रमदानही चालते. ही अट काही तिजोरी भरण्यासाठी घातलेली नाही. आपल्या मंडळाचेच बघा. एकावन्न रुपये देणारा माणूससुद्धा आरतीला हक्काने पुढे उभा राहतो आणि मांडवातला दिवा गेला तर स्वतः स्टूल शोधतो. वर्गणीने माणूस त्या कामाचा धनी होतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावात योजना पूर्ण झाली. गावाचा वाटा कागदावर भरलेला होता. तो घरोघरून आला नव्हता, काम घेणाऱ्याने एकरकमी भरून टाकला होता. मला ते ठाऊक होते, पण मी विचारले नाही. मार्च जवळ आला होता, काम संपवायचे होते. हस्तांतरणाच्या कागदावर मी सही केली. दुसऱ्याच उन्हाळ्यात मोटार जळाली. समितीच्या खात्यात दुरुस्तीपुरतेही पैसे नव्हते, कारण पाणीपट्टी कोणी मागितलीच नव्हती. मी गेलो तेव्हा बायका पुन्हा हातपंपावर रांगेत उभ्या होत्या. एक आजी म्हणाली, "पाइप तुमचा होता साहेब, बिघडला तर तुम्हीच दुरुस्त करा." मला उत्तर सुचले नाही. तिचे चुकले नव्हते. तो नळ गावाचा व्हावा असे मीच काही केले नव्हते.

त्यानंतर मी प्रत्येक गावात आधी हिशेब फळ्यावर मांडतो. समजा दोनशे घरे आहेत आणि घरामागे महिन्याला साठ रुपये ठरले, तर बारा हजार होतात. त्यातून विजेचे बिल, पंप चालवणाऱ्याचे मानधन, ब्लीचिंग पावडर, आणि उरेल ते मोटारीसाठी बाजूला. पाणी समितीत निम्म्या तरी महिला असाव्यात असा नियम आहे. माझा अनुभव असा की पासबुक बाईच्या हाती असले की थकबाकी कमी राहते.

तिसरा हिशेब सांडपाण्याचा, आणि तो सगळ्यात जास्त विसरला जातो. हजार वस्तीच्या गावात माणशी ५५ लिटर म्हणजे रोज पंचावन्न हजार लिटर पाणी आले. त्यातले बहुतेक पाणी मोरीतून बाहेर पडणार. पूर्वी बाई दोन घागरी आणायची, तेव्हा सांडपाणी तुळशीला आणि अळूलाच पुरत नव्हते. आता ते गल्लीत साचते आणि डास होतात. यासाठीही पैसा आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या वस्तीच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद केली होती. त्यातला तीस टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून द्यायचा होता. २०२१-२६ या काळात त्या अनुदानाचा साठ टक्के भाग मुळातच पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. घरासमोर शोषखड्डा, परसात केळी, जिथे चिकण मातीत पाणी मुरत नाही तिथे नाली आणि शेवटी एक तळे, एवढे पुष्कळ झाले. नाहीतर हे पाणी नाल्यांतून वैनगंगेत जाते. तिथेच आपण बाप्पाचे विसर्जन करतो, आणि तेच पाणी पुढे भंडाऱ्याकडे, आपल्याच सोयऱ्यांच्या गावांकडे वाहते.

आपल्यापैकी बहुतेक घरे पिढ्यान्‌पिढ्या बालाघाटात आहेत, पण अनेकांची शेती आणि जुने घर अजून खेड्यात आहे. माझी एवढीच विनंती. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, तेव्हा आपल्या गावी जा आणि तीन प्रश्न विचारा. गावाचा वाटा खरोखर घरोघरून आला का? पाणी समितीचे पासबुक कुठे आहे आणि त्यात किती शिल्लक आहे? सांडपाणी शेवटी कुठे जाते? आणि तिथे तुमच्या घराला नळ असेल, तर घर बंद असले तरी पाणीपट्टी भरा. शहरातल्या शिकलेल्या माणसाने पावती फाडली की गावातल्या दहा जणांना ती फाडावीशी वाटते.

त्या गावात पुढे वर्गणी गोळा झाली, मोटार बसली. पहिली पावती त्याच आजीने फाडली. आता नळाची तोटी गळली तर ती मला बोलावत नाही, समितीला बोलावते.

गणपती बाप्पा मोरया!