चिंधीचे मोल
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. शिलाईच्या मशीनवर बसणारी बाई आहे. मंडळाच्या बायकांनी फारच आग्रह धरला म्हणून उभी राहिले. मला हाताने जे येते तेच सांगणार आहे. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांपासून काय काय करता येते आणि ते विकून घरात चार पैसे कसे येतात, एवढाच विषय.

आधी एक गोष्ट सांगते. ती विनयपिटकात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला ते खटकले. एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्खू दुकान मांडणार की काय, असे त्याला वाटले. त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची चादर. चादर विरली की गादीची खोळ. ती विरली की जमिनीवरची बैठक, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके. आणि फडकेही फाटले की त्याचे तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आनंदांनी दुकान मांडले नाही. आपल्याला मात्र मांडायचे आहे, कारण आपल्याला संसार आहे! पण कापडाकडे बघायची दृष्टी तीच ठेवायची. वाया काही घालवायचे नाही.

आता माझे सांगते. 1982 च्या गिरणी संपानंतर माझ्या यजमानांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. घरात दोन लेकरं, सासूबाई आणि माझी पायाची मशीन. नवीन कापड घ्यायला पैसे कुठले? गल्लीतल्या टेलरकडे कात्रणाचे पोते भरून पडलेले असायचे. ते मी मागून आणले. सासूबाईंना वाकळ शिवायचा हात होता, त्यांनीच मला तुकडा तुकड्याला कसा जोडायचा ते शिकवले.

पहिली मोठी ऑर्डर आली पन्नास पिशव्यांची. रात्री जागून दिल्या. आठ दिवसांनी दुकानदाराने सगळ्या परत आणून टाकल्या. लाल तुकड्याचा रंग पांढऱ्यावर उतरला होता. मी कापड धुतलेच नव्हते. चूक माझीच. त्या दिवशी मी रडले, पण तेव्हापासून न धुतलेला तुकडा मशीनखाली घातला नाही.

म्हणून पहिला धडा हा. कात्रण आणले की आधी निवडायचे. सुती वेगळे, टेरिकॉट वेगळे, बनियनचे होजिअरी कापड वेगळे, जीन्स आणि पडद्याचे जाड कापड वेगळे. गडद रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा. रंग लागला तर तो बाजूला. बाकीचे धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचे. सुती कापड पाण्यात आटते, ते आधीच आटलेले बरे.

आता वस्तू. सोपीपासून सुरू करते.

पायपुसणे : होजिअरीच्या किंवा जुन्या साडीच्या दोन इंची पट्ट्या काढा. तीन पट्ट्यांची वेणी घाला आणि ती गोल फिरवत शेजारी शेजारी शिवत जा. वेणी ओढून धरायची नाही. ओढली तर पायपुसणे जमिनीवर बसत नाही, वाटीसारखे वर उचलते. एक सांगते, पंचशील ध्वजाच्या कापडाचे तुकडे उरले तर ते यात वापरू नका.

गरम भांडे धरायचे फडके : आठ इंची चौकोन. वरून-खालून सुती कापड, आत जुन्या टॉवेलचे दोन थर. टेरिकॉट, नायलॉन अजिबात नको, ते आचेने वितळून हाताला चिकटते. एका कोपऱ्याला खुंटीवर अडकवायला नाडी लावा.

केसांचे कापडी रबर : चार इंच रुंद, वीस इंच लांब पट्टी, आत सात-आठ इंच इलॅस्टिक. शाळकरी मुलीसुद्धा अर्ध्या दिवसात शिकतात.

पिशवी : चौदा बाय सोळा इंच, आतून अस्तर. बंद जिथे जोडतो तिथे चौकोन शिवून मध्ये फुली मारायची. तयार पिशवीत पाच किलो तांदूळ घालून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी टाका उसवला नाही तर माल विकायचा. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला मागणी वाढली आहे.

गोधडीला मात्र फार दिवस लागतात. ती ऑर्डर आल्याशिवाय आणि आगाऊ पैसे घेतल्याशिवाय हातात घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे, किंमत. आपण बायका इथेच फसतो. म्हणतो, "कात्रण तर फुकट मिळालं, जे येईल ते नफाच." असे नाही बायांनो! एका पिशवीचा हिशोब करू. समजा, अस्तर, बंद, दोरा मिळून 18 रुपये. पाऊण तास काम. तासाची मजुरी 60 रुपये धरली तर 45. सुई, तेल, वीज, खराब झालेला माल यांचे 5. झाले 68 रुपये. ती पिशवी 50 ला दिली तर 18 रुपये तुमच्या घामातून गेले. मीसुद्धा कितीतरी वर्षे अशीच देत होते. यजमान वहीत लिहायला बसले तेव्हा कळले की मी दिवसभर राबून जवळजवळ फुकट शिवत होते.

यावर उपाय भाव वाढवणे एवढाच नाही. दहा पिशव्या एकदम कापा, दहांचे बंद एकदम शिवा, मग अस्तर. एकीला अर्धाच तास लागतो. मग खर्च येतो 53. दुकानदाराला 70 ला दिली तरी 17 रुपये हातात राहतात. एकटीने करण्यापेक्षा चौघींनी मिळून केले तर हे जमते.

विकायचे कुठे? आधी आपल्याच माणसांत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोक पुस्तके घेतात आणि हातात घेऊन फिरतात. त्यांना मजबूत पुस्तकपिशवी द्या. विहारात बसायला आसनपट्ट्या लागतात, त्याही आपणच शिवू. बचत गट असेल तर प्रदर्शनात जागा मिळते. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून या कामात आहे, तिथे चौकशी करायला लाजू नका.

शेवटी विहार समितीला एक विनंती करते, राग मानू नये. मागच्या खोलीत महिला मंडळाची दोन मशीनं चादर टाकून ठेवलेली आहेत. शिवणवर्ग बंद पडला, कारण सगळ्याजणी ब्लाऊज शिकल्या आणि एका वस्तीत इतके ब्लाऊज शिवून घेणार कोण? बायका आळशी नव्हत्या, कामच नव्हते. काम मी आणते. कात्रणही आणते. समितीने आठवड्यातून दोन दुपारी त्या खोलीची किल्ली द्यावी. हिशोबाची वही उघडी राहील, कुणीही बघावी.

माझ्या लेकीच्या कॉलेजची पहिली फी मी पायपुसण्यांच्या पैशातून भरली. पावती अजून पेटीत आहे. तेव्हा माझ्या मनात आले होते की कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तो दिवस तुमच्यापैकी प्रत्येकीला दिसावा, एवढीच इच्छा.

येत्या रविवारी येताना प्रत्येकीने घरातली एक पिशवीभर कात्रणे आणावीत. धुऊन आणा बरं का!

जय भीम. नमो बुद्धाय.