फोन वाजेपर्यंत

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, चहा आला, आणि काटोलकडच्या आमच्या एका ताई बोलायला लागल्या. त्या दोन महिने हैदराबादला लेकीकडे राहून आल्या होत्या. लेक विमान चालवते, सहवैमानिक म्हणून नवीनच लागली आहे. आम्ही विचारलं, "मग किती वेळा उडाली?" ताई म्हणाल्या, "उडते कमी, फोनकडे जास्त पाहते." आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. म्हणून आज त्या फोनबद्दल.

विमान कंपनीत एक ड्युटी असते, तिला स्टँडबाय म्हणतात. राखीव ड्युटी. कोणी वैमानिक आजारी पडला, धुक्यामुळे विमान चार तास अडकलं आणि आतल्या वैमानिकांचे कायद्याने ठरलेले तास संपले, तर दुसरं माणूस लगेच हवं. ते माणूस आधीच नेमून ठेवतात. ठरलेल्या वेळेत त्याने घरी राहायचं, फोन उचलायचा आणि बोलावलं की निघायचं. नव्या पोरापोरींच्या वाट्याला ही पाळी जास्त येते. आपल्या आशाताई आठवा. बाळंतपणाचा फोन येईल म्हणून चप्पल दाराशी ठेवून झोपतात. तसंच हे.

ताईंना सुरुवातीला हे कळलंच नाही. पहाटे तीनपासून पाळी, गणवेशाला इस्त्री, बॅग भरलेली, आणि पोरगी पलंगावर. दुपार झाली तरी फोन नाही. ताईंना वाटलं, आज सुट्टीच आहे. मग भाजी आण, गॅसवाल्याला फोन कर, बँकेत जाऊन ये. बाई घरात दिसली की ती रिकामी आहे असं आपल्याला वाटतंच. आपल्यालाही आयुष्यभर असंच मोजलं गेलं आहे, आणि आपणही तसंच मोजतो.

एका रात्री नात्यातली माणसं आली. पोरीने स्वयंपाकाला हात लावला, गप्पा झाल्या, झोपायला साडेअकरा वाजले. पहाटे सव्वातीनला फोन वाजला. पोरीने दोन मिनिटं डोकं धरलं आणि सांगितलं, "मी उडण्याच्या स्थितीत नाही, झोप झालेली नाही." नियमच तसा आहे. थकलेल्या वैमानिकाने उडायचं नाही आणि तसं कळवायचं. पण कळवणं सोपं नसतं. नंतर लेखी द्यावं लागलं, वरच्यांनी प्रश्न विचारले. ताई दारामागे उभ्या राहून रडल्या. त्यांना वाटलं, आपण पोरीची नोकरी घालवली. पोरगी म्हणाली, "आई, माझ्या मागे सत्तर माणसं बसलेली असतात."

नोकरी गेली नाही. पण त्या दिवसापासून घरातला नियम बदलला. पाळी पहाटेची असेल तर रात्री आठला दिवे बंद, पाहुण्यांना आधीच सांगायचं, आणि सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते.

झोपेची ही गोष्ट आपल्या नागपूरलाही परकी नाही. १९४९ पासून कितीतरी वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथली टपालाची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमत, थैल्या बदलत आणि रात्रीच परत फिरत. अख्खा देश झोपलेला असताना कोणीतरी जागं राहून पत्रं पोहोचवत होतं. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच विमानतळावर पुण्याला निघालेला एक वैमानिक विमानात चढण्याआधीच कोसळला आणि गेला. त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती असं कंपनीने सांगितलं. थकव्यानेच गेला असं आम्ही म्हणत नाही. पण वैमानिकांच्या झोपेबद्दल तेव्हा देशभर बोललं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या वेळेत विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर आली. हे नियम २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत लागू झाले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. नव्या नियमांना पुरतील इतक्या वैमानिकांची तयारी नव्हती, हे त्याचं एक मोठं कारण होतं. शेवटी सरकारने तिला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. नागपूरलाही लोक बॅगांवर बसून राहिले. राखीव माणूस म्हणजे फुकट पगार खाणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते दिवस आठवावेत.

आता विमानाचं. ताईंच्या घरी नोकरीआधी यावरून भांडण झालं होतं. मामांचं म्हणणं, मोठं जेटच पाहिजे, पंख्याचं विमान काय चालवायचं! पंख्याचं म्हणजे एटीआर ७२, सत्तर ते अठ्ठ्याहत्तर माणसांचं, दोन्ही बाजूंना फिरणारे पंखे. गोंदियाजवळच्या बिरसीहून हैदराबादला तेच जातं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली, तीही याच विमानाने. मोठ्या एअरबसला लागते तेवढी लांब धावपट्टी त्याला लागत नाही, म्हणून लहान गावांना तेच परवडतं.

पण हलकं काम समजू नका. मोठी जेट विमानं बऱ्याच पावसाळी ढगांच्या वरून जातात, हे खालीच उडतं, त्यामुळे हवामानाशी जास्त झगडावं लागतं. टप्पे लहान, म्हणून एकाच दिवसात चार-चार वेळा उतरवावं लागतं. हात त्यानेच बसतो. शिवाय कॅप्टन व्हायचं तर वरचा परवाना लागतो, आणि त्याला १५०० तासांचं उड्डाण हवं. परवाना घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरीकडे जेमतेम २०० असतात.

आणि इतिहासही पाहा. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता-सिलचर मार्गावर फक्त महिलांनी चालवलेलं उड्डाण नेलं, ते फोकर फ्रेंडशिप होतं. पंख्याचंच! देशमुखबाई पुढे बोइंग आणि एअरबसवरही गेल्या. आज आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगात सरासरी पाचच्या आसपास. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पगार किती?"

प्रश्न बरोबर आहे, फक्त उशिरा विचारला. वैमानिक व्हायला आज पन्नास लाखांच्या घरात खर्च येतो. त्यानंतर एकेका प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, तेही लाखांत. एटीआरचं घेतलं म्हणून एअरबस चालवता येत नाही. काही पोरं नोकरी हातात नसताना स्वतःच्या पैशाने मोठ्या जेटचं प्रशिक्षण घेऊन ठेवतात आणि मग वर्षभर वाट पाहतात. परवाना जिवंत ठेवायलाही पैसे लागतात. आमचं मत स्पष्ट आहे : वावर गहाण ठेवून विमान निवडू नका. जी नोकरी आधी उडायला देते, ते विमान चांगलं.

ताईंच्या लेकीने हेच केलं. पण करारात काय आहे ते घरात कोणी वाचलं नव्हतं. बाँड किती वर्षांचा, मधे सोडलं तर किती भरायचं, राहायचं कुठल्या शहरात, आणि फोन वाजलाच नाही तर महिन्याला किमान किती तासांचा पगार धरणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पगाराचा एक भाग उडालेल्या तासांवर असतो आणि राखीव पाळ्या जास्त लागल्या की तो घटतो. बँकेचा हप्ता मात्र घटत नाही. दोन महिने ताईंनी गटातून उचल घेऊन लेकीला पैसे पाठवले, ते आम्हाला त्या बैठकीतच कळलं.

या महिन्यात तिच्या पाळ्या बदलल्या आहेत, उड्डाणं जास्त आहेत. ताईंनी उचलीतले दोन हजार परत केले. रात्री आठनंतर त्या लेकीला फोन करत नाहीत.