किती मावतं आणि किती वेळात
(सच्छिद्र पदार्थांतील वायूंच्या विसरण-अधिशोषणावरील परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



मांजरेच्या काठावरच्या या गावात स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. असा विषय आणि कळंब, ही सांगड कशी, असं काहींनी विचारलं. उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. मे २०२१ मध्ये, रुग्णालयं ऑक्सिजनसाठी व्याकूळ झालेली असताना, चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पात बदल करून ऑक्सिजननिर्मिती सुरू केली. त्या दिवसांत सिलिंडरसाठी रात्री जागवलेली माणसं या सभागृहातही बसली आहेत. त्यांना या विषयाचं मोल वेगळं सांगायला नको.

इथेनॉल असो वा ऑक्सिजन, दोन्हींचं काम सच्छिद्र दाण्यांवरच चालतं. इथेनॉलमधलं शेवटचं पाणी नुसत्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. पुढचं काम तीन अँगस्ट्रॉम छिद्रांचा झिओलाईट नावाचा सच्छिद्र पदार्थ करतो. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेर राहतो. हवेतून ऑक्सिजन काढताना झिओलाईट वेगळं लागतं. त्यात दोन्ही वायू शिरतात, पण नायट्रोजनला आतले धनभारित आयन घट्ट धरतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि तेच दाणे पुन्हा कामाला लागतात. हे चक्र काही सेकंदांपासून मिनिटा-दोन मिनिटांत फिरावं लागतं. म्हणून दाण्यात वायू किती मावतो एवढंच विचारून भागत नाही, किती वेळात शिरतो हेही विचारावं लागतं. येरमाळ्याच्या यात्रेत मंदिराच्या आवारात किती भाविक मावतात हा एक हिशोब, आणि दारातून तासाला किती आत जातात हा दुसरा. आपली परिषद या दुसऱ्या हिशोबाची आहे.

काही ठिकाणी तर सगळी मदार वेगावरच असते. हवेतून नायट्रोजन मिळवायला कार्बनची आण्विक चाळणी वापरतात. तिच्यात समतोलाला दोन्ही वायू जवळजवळ सारखेच मावतात. ऑक्सिजनचा रेणू ३.४६ अँगस्ट्रॉम, नायट्रोजनचा ३.६४. एवढ्याशा फरकाने ऑक्सिजन कितीतरी पटींनी लवकर आत जातो. घाई करून चक्र थांबवलं, तरच वायू वेगळे होतात.

हा वेग मोजणं मात्र फसवं आहे. बंद भांड्यात नमुना ठेवायचा, वायूचा ठरावीक डोस सोडायचा आणि दाब कसा उतरतो ते पाहायचं. नाहीतर सूक्ष्म तराजूवर वजन कसं वाढतं ते पाहायचं. दिसायला सोपं. पण अधिशोषणात उष्णता बाहेर पडते, नमुना तापतो, आणि आपण विसरण म्हणून जे नोंदवतो ती कधी कधी नमुना थंड होण्याची गती असते. १९७० च्या दशकात लायपझिगला यॉर्ग केर्गर आणि हॅरी फायफर यांनी चुंबकीय अनुनादाने झिओलाईटमधल्या रेणूंची हालचाल थेट मोजली, तेव्हा काही विसरणांक आधीच्या आकड्यांहून कित्येक हजार पटींनी मोठे निघाले. आधीच्या प्रयोगांत मोजली जात होती ती बरीचशी दाण्याबाहेरची अडचण.

म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे: दाण्याचा आकार बदलून पाहा. विसरण खरंच दाण्याच्या आत अडत असेल, तर त्रिज्या निम्मी केल्यावर वेळ चौथाईवर यायला हवा. तसं झालं नाही, तर तो आकडा छापू नका. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. दोन भांडी, चांगला व्हॉल्व्ह, दाबमापक, निर्वात पंप आणि स्थिर तापमानाचं पात्र एवढ्यावर आपल्या महाविद्यालयातही सुरुवात करता येईल. नमुना मात्र आधी निर्वातात तापवून कोरडा करा. पावसाळ्यातली दमट हवा झिओलाईटची जागा आधीच बळकावून बसते.

ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर आपण उभे आहोत, त्याच्याच पोकळ्यांत पुणे, नाशिक, जळगावकडे स्टिल्बाईट आणि ह्यूलँडाईट या झिओलाईटांचे देखणे स्फटिक सापडतात. जगभरची संग्रहालयं ते जपतात. त्यांच्यात वायू किती वेगाने शिरतो, हे मोजण्याचं काम मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांनी हाती घ्यावं, असं मला फार वाटतं.

निबंध वाचणाऱ्यांना एकच विनंती: दाण्याचा आकार, तापमान आणि नमुना कसा कोरडा केला हे आधी सांगा, आलेख नंतर दाखवा. आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी त्यांना विनंती करतो.