टाकीच्या तोंडाशी उभा असलेला सोबती



मित्रमैत्रिणींनो, मी तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत काम करतो. राहतो पालघरला. खरं तर बोईसरलाच राहायचं होतं, पण माझं नाव ऐकल्यावर दोन ठिकाणी खोली 'कालच गेली' होती.

ती सल घेऊनच मी कामाला लागलो. सुट्टीत डबा घेऊन कोपऱ्यात बसायचो. 1948च्या कारखाने कायद्याने 150हून जास्त कामगार असतील तिथे जेवणाची खोली सक्तीची केली. पण कोणी कोणाशेजारी बसायचं, हे कायदा कसं ठरवणार? माझ्या डब्यात मटण पाहून कोणी नाक मुरडेल, म्हणून मीच आधी लांब जायचो.

आमच्याकडे रिअ‍ॅक्टर साफ करायला आत उतरावं लागतं. आधी परमिट निघतं, आतला ऑक्सिजन मोजतात, अंगाला पट्टा आणि दोर बांधतात. तोंडाशी एक जण उभा राहतो. आतला वर येईपर्यंत त्याने हलायचं नसतं. माझ्यासाठी दोन वर्षं विक्रमगडचा एक आदिवासी मुलगा असा उभा राहिला. एकदा वर आलो, त्याने हात दिला, आणि मनात आलं, जीव याच्या भरवशावर टाकतो, पण याच्यासोबत कधी जेवलो नाही.

त्या दुपारी त्याच्याशेजारी डबा उघडला. "मटण आहे, चालेल ना?"

तो हसला. म्हणाला, "भाई, मला वाटायचं तुम्हालाच आमच्यात बसायचं नाही."

त्याच्या बोलीची नक्कल करून लोक हसायचे, म्हणून तोही वेगळाच बसायचा. दोन वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. अपमान फक्त आपल्याच वाट्याला येतो, असं मी धरून चाललो होतो.

आमचा प्लांट चोवीस तास चालतो. आता ईदला तो माझी पाळी करतो, वाघबारशीला मी त्याची. रमजानमध्ये दुसऱ्या पाळीत रोजा सोडताना दहा मिनिटं माझं पॅनेल तो बघतो. जुम्म्याच्या नमाजसाठी मी आदल्या दिवशीच सांगून ठेवतो, ऐन वेळी गायब होत नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. एकदा ग्रुपवर मुसलमानांबद्दल खोटा मेसेज आला आणि हा गप्प राहिला. मला लागलं. दुसऱ्या दिवशी चहाला बाजूला नेऊन विचारलं. म्हणाला, "मला ते खरंच वाटलं." मग अर्धा तास बोललो. रागाने बोलणं बंद केलं असतं, तर तो ते खरंच मानत राहिला असता.

या दोस्तीने मला बोईसरला खोली मिळाली नाही. तो लढा वेगळा आहे, आणि तो हक्क म्हणून लढायचा आहे. दोस्तीसाठी आपली ओळख लपवू नका. जे खात नाही ते खात नाही म्हणा. टोचणाऱ्या विनोदावर हसू नका, त्या माणसाला एकट्याला गाठून सांगा.

आणि उद्या डबा घेऊन बसाल तेव्हा आजूबाजूला बघा. आणखी कोण एकटं बसलंय? आपण उठून त्याच्याकडे जाऊ या.