औषध येईल तेव्हा येईल

स्मृतिभ्रंश पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं अल्झायमरच्या सुरुवातीला घसरण थोडी मंदावतात, थांबवत नाहीत. मग हाती काय उरतं? फिनलंडमध्ये धोका असलेल्या १२००हून अधिक ज्येष्ठांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निष्कर्ष आले २०१५ साली. सकस आहार, व्यायाम, बुद्धीला चालना, रक्तदाबावर लक्ष. हे सारं एकत्र मिळालेल्या गटाची विचारशक्ती तुलनेनं अधिक सुधारली.

कुणी म्हणेल, नीट राहणाऱ्यांनाही हा आजार होतोच की! खरं आहे. ही हमी नाही, पण धोका कमी होऊ शकतो. संशोधन चालू राहो; आपण मात्र थांबायला नको. पुन्हा सांगते, हमी नाही, पण धोका कमी होऊ शकतो.